तळाच्या माणसाचा बारावा अंक

काका, माफ करा. तुमच्याबद्दल लिहायचा अधिकार माझा नाही, हे मला कळतं. तुम्हाला मुलगी आहे, जावई आहे, कालव्यावर तुमच्याबरोबर अर्धं आयुष्य काढलेली माणसं आहेत. मी कोण, तर शनिवारी कालव्याच्या चौकीवर येऊन तुमचा चहा पिणारा आणि तुमची पुस्तकं चाळणारा एक पोरगा. विहारात पुण्यानुमोदनाला सगळ्यांनी दोन शब्द बोलायचे होते. माइक फिरत फिरत माझ्याकडे आला. मी "रतनकाका" एवढं म्हणालो आणि पुढचं काही आठवेना. लोक वाट बघत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "बसू द्या लेकराला." मी बसलो. निघताना काकू म्हणाल्या, "बोलता येत न्हाई तर लिहून दे. वाचनालयाच्या फायलीत लावू. तुझं अक्षर चांगलं हाय म्हणायचे ते."

मी आजवर प्रॅक्टिकलच्या वह्या लिहिल्या आहेत आणि रजेचे अर्ज. आमच्या घरात लेख कुणी लिहिलेला नाही, त्यामुळे कुणाला दाखवून विचारावं असंही कुणी नाही. तुम्हालाच दाखवलं असतं. म्हणून तुम्हालाच लिहितो. चुकलं तर फायलीत लावू नका.

आणखी एक गोष्ट आहे, ती आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं लिहिताना हात अडखळेल. समोर टेबलावर एक पाकीट आहे. तुम्ही गेल्यावर आठवड्याभरानं पोस्टमननं ते चौकीवर आणलं. वर तुमचं नाव आहे आणि कोपऱ्यात तो आपल्या ओळखीचा शिक्का, कमरेइतक्या पाण्यात उभ्या माणसाचा. काकू म्हणाल्या, तुमच्या त्या पुस्तकाचंच दिसतंय, तुझ्याकडं ठेव, रविवारी सगळे मिळून उघडू. आज गुरुवार आहे. पाकीट पातळ आहे, पण अंकही तसा पातळच असायचा. मी ते उजेडात धरून पाहिलं, दाबून पाहिलं, मग लाज वाटली आणि परत ठेवलं. त्यात बारावा अंक असेल तर रविवारी सगळ्यांसमोर मला कबूल करावं लागेल की मी तुमच्याशी खोटं बोललो, तेही दवाखान्यात, तुमच्या शेवटच्या दिवसांत. आणि ते खोटं खरं धरूनच तुम्ही गेलात का, हे मला आता कुणीच सांगू शकत नाही.

वाचनालयातल्या लोकांना 'तळाचा माणूस' म्हणजे काय हे माहीत नसेल. त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तुम्ही मध्येच टोकाल असं वाटतंय.

ते चित्रांचं पुस्तक आहे, कॉमिक. लांबच्या कुठल्यातरी गावी एक माणूस ते एकटाच लिहितो, एकटाच काढतो, आणि वर्गणीदारांना पोस्टानं पाठवतो. काळी पांढरी चित्रं, कव्हरला तेवढा निळा रंग. त्याचा नायक मेलेला आहे. धरणात बुडालेल्या गावातला तो माणूस. पाणी चढलं तेव्हा त्यानं श्वास कोंडून धरला आणि तसाच बुडाला. तो शेवटचा श्वास अजून त्याच्या छातीत आहे. तेवढंच त्याचं बळ. कुणाला वाचवायचं तर त्यातला थोडा खर्च करावा लागतो. तो उडत नाही, मारामारी करत नाही, कपडे कायम ओले. कुणाच्या घरात शिरला की फरशी ओली होते म्हणून बाया त्याच्यावर ओरडतात. जिवंत माणसांना तो फार भितो. आणि बोलत तर कधीच नाही, कारण बोलायलाही श्वास लागतो. पहिल्या अंकाच्या शेवटच्या पानावर, खाली कोपऱ्यात, अकरा बुडबुडे काढलेले आहेत. दर अंकाला एक कमी होतो.

हे सगळं मला तुम्ही सांगितलं. मी चौकीवर पहिल्यांदा आलो ते बापूंनी पाठवलं म्हणून. माझं कॉलेज नुकतंच सुरू झालं होतं. आमच्या शेताला पाण्याची पाळी कधी, एवढंच विचारायचं होतं. तुम्ही पाटकरी, गेट तुमच्या हातात, म्हणून गावात सगळे तुमच्याशी गोड बोलायचे आणि पाठीमागं नावं ठेवायचे. बापूही. मला वाटलं होतं, तुम्ही रजिस्टर भरत बसला असाल. रजिस्टर उघडंच होतं, पण त्यात हे पुस्तक ठेवलेलं होतं.

"पाळी बुधवारी," तुम्ही वर न बघता म्हणालात. "बापाला सांग, आधी चारीतलं गवत काढ, मंग माझ्या नावानं बोंबल."

मी गेलो नाही. चित्र उलटं दिसत होतं तरी बघत राहिलो.

"काय पाहून राहिला? कितवीला हायस?"

मी म्हणालो, बी.एस्सी. फर्स्ट इयर, हिंगोलीला.

"मंग कॉलेज म्हण की सरळ," तुम्ही म्हणालात, आणि त्या दिवसापासून माझं नाव कॉलेज पडलं. ओंकार म्हणून तुम्ही मला कधी हाक मारल्याचं आठवत नाही. बापूंना सुद्धा तुम्ही विचारायचात, "कॉलेज आलं न्हाई का या शनवारी?" बापूंना ते आवडायचं, पण दाखवायचे नाहीत.

मग मी दर शनिवारी यायला लागलो. घरी सांगायचो, तिथं टेबल आहे, अभ्यास होतो. तेही खरंच होतं. तुम्ही आधी अभ्यास करायला लावायचात, मग एक अंक हातात द्यायचात. एकच. घरी न्यायचा नाही, पान दुमडायचं नाही, आणि शेवटचं पान आधी बघायचं नाही. तुम्ही मात्र नवा अंक आला की सगळ्यात आधी शेवटचंच पान बघायचात. किती बुडबुडे उरले ते मोजायचात आणि मगच पहिल्या पानावर यायचात. मी एकदा त्यावरून चिडवलं तर तुम्ही शर्टाच्या खिशातला दम्याचा पंप काढून टेबलावर ठेवलात. "यात किती उरलं हे बी मी आधी बघतो," म्हणालात. "माझे बी मोजूनच हायत, कॉलेज." मी हसलो. काका, मला तेव्हा तो विनोद वाटला होता.

आता माझ्या त्या पाण्याच्या बाटलीबद्दल. हे मी तुम्हाला कधी बोललो नाही. सुरुवातीचे महिने मी घरून पाण्याची बाटली आणायचो. आई भरून द्यायची. का, ते ती बोलायची नाही आणि मी विचारायचो नाही. तुम्ही पहिल्या दिवशी बाटलीकडे पाहिलंत आणि म्हणालात, "आणली का? बरं केलं." चहा मात्र मी प्यायचो, कारण चहा उकळलेला असतो असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. आज हे लिहिताना मान वर होत नाही. मग एका शनिवारी नववा अंक वाचत होतो, त्यात गुंतलो आणि तुमच्या माठातलं पाणी घेऊन प्यालो. दुसरा ग्लास भरताना लक्षात आलं. तुम्ही रजिस्टरमध्ये लिहीत होता. निघताना चप्पल घालत होतो तेव्हा म्हणालात, "आज कॉलेजात काहीतरी शिकवलेलं दिसतंय." बाटली मी त्यानंतर आणली नाही. पण माफी मागायची राहून गेली. ती इथं मागतो. हे वाचनालयात लागलं तर माझ्या घरचेही ऐकतील. ऐकू दे.

नववा अंक म्हणजे त्या म्हातारीचा. धरणात गेलेल्या आपल्या गावाच्या जत्रेतली हलगी तिला मरायच्या आधी एकदा ऐकायची असते. बस, एवढंच. तळाचा माणूस पाण्याच्या खाली जातो, चिखलातून हलगी काढतो आणि वाजवतो. त्यात त्याचा एक अख्खा बुडबुडा जातो. मी म्हणालो, हे वाया घालवणं आहे. तेवढ्या श्वासात एखादा जीव वाचला असता. आपलं पहिलं भांडण त्यावर झालं.

"म्हातारीचा जीव न्हवता का?" तुम्ही विचारलंत.

मी म्हणालो, ती मरणारच होती.

"मरणारच तर सगळेच हायत. तू बी.एस्सी.ला कशाला चालला मंग?"

तुम्हाला पेचात पकडायचा एक मार्ग मात्र मी त्याआधीच शोधून काढला होता. तुम्ही भूत मानत नव्हता. आमच्या गावात मुंजाच्या पिंपळाखालून दुपारी जायलाही लोक दचकतात. तुम्ही तिथं सावलीला डबा खायचात. तुमच्या चौकीत एकच फोटो, बाबासाहेबांचा. मग मी म्हणायचो, काका, तुम्ही भूत मानत नाही आणि भुताचं पुस्तक वर्गणी भरून मागवता, हे कसं? तुम्ही त्यावर जे म्हणालात ते मी कॉलेजात मित्रांना अनेकदा सांगितलं आहे, माझं म्हणून. तेही आज कबूल करतो.

"राजा-राणीच्या गोष्टी वाचतोस ना? मंग काय सातबारा राजाच्या नावानं करतोस? पुस्तकात असू दे भूत. मला त्याचं भूत असणं नको हाय. मला तो भितो ते आवडतं. बाकीच्या पुस्तकातले सगळे छाती काढून हिंडतात. हा दाराशी उभा राहतो, आत येऊ का न्हाई म्हणून. आपल्याला माहीत हाय रे ते दाराशी उभं राहणं."

मी बाटलीकडे पाहिलं होतं. त्या दिवशी अजून बाटली होती.

कॉलेजात मीही असाच दाराशी उभा असतो, हे तुम्हाला मी नंतर सांगितलं. ऑफिसात फॉर्म द्यायला गेलो की माझ्या तोंडून आवाज निघत नाही. इंग्रजीतून प्रश्न विचारला की मला येत असलेलंही येत नाही. पहिल्या सेमिस्टरला फिजिक्सचा पेपर राहिला, ते घरी कुणाला सांगितलं नाही, कारण पेपर राहणं म्हणजे काय हे समजावतानाच आईनं रडायला सुरुवात केली असती. तुम्हाला सांगितलं. तुम्ही विचारलंत, कुठला धडा अडतो. मी म्हणालो, द्रवाचा दाब. तुम्ही उठलात, मला गेटवर नेलंत आणि चाकावर माझे हात ठेवले. म्हणालात, फिरव. मला हलेना. मग तुम्ही आपले हात माझ्या हातांवर ठेवलेत आणि एकेक आटा उतरवत गेलात.

"गेट कधी एकदम पाडायचं न्हाई. चालू पाणी अडवलं की ते मागं फुगतं आन बांध फोडतं. आटा-आटा उतरवायचं. पाण्याला कळू द्यायचं की आपून अडवून राहिलो." मग म्हणालात, "हे घे तुझं फिजिक्स."

तो पेपर निघाला. आणि आठव्या अंकातली ती सहा चित्रं मला तेव्हा दिसली. त्यात तळाचा माणूस एक गेट बंद करतो. सहाही चौकटीत नुसते हात आणि चाक, दर चौकटीत चाक थोडं थोडं फिरलेलं. मी ती पानं आधी पटकन उलटून टाकली होती. तुम्ही बोट ठेवून दाखवलंत. "यानं गेट फिरवलेलं हाय. नुसतं पाहून असं निघत न्हाई. कुठल्या तरी कालव्यावर याचा बाप असणार, न्हाई तर हा स्वतः." त्या चित्रकाराला तुम्ही कधी पाहिलं नव्हतं, पण बोलताना असं बोलायचात की तो कालव्याच्या पलीकडच्या शाखेवर ड्युटीला आहे.

अकरावा अंक आला तेव्हा माझं पहिलं वर्ष संपत आलं होतं. तो आपण एकत्र वाचला. एकच बुडबुडा उरलेला. पूर आलेला, धरणाचं गेट उघडं अडकलेलं, खाली गाव. तो चाकाला हात लावणार, तेवढ्यात काठावरून कुणीतरी त्याला नावानं हाक मारतं. अकरा अंकात पहिल्यांदा. ती त्याची मुलगी असते, आता म्हातारी झालेली. गेट बंद केलं तर श्वास संपणार आणि ओ देता येणार नाही. ओ दिली तर गेट तसंच राहणार. तिथं अंक संपला. खाली लिहिलं होतं, बारावा अंक शेवटचा.

मी म्हणालो, गेट. गाव वाचवायलाच हवं, नाहीतर तो कसला नायक. तुम्ही गेटवर आयुष्य काढलेला माणूस, मला वाटलं तुम्हीही तेच म्हणाल. तुम्ही म्हणालात, त्यानं थोडं थांबावं.

"थांबून कसं चालेल काका? पूर आलाय."

"तुला काहून एवढी घाई? एक बुडबुडा हाय म्हंजे माणूस हाय. तो गेला की गोष्ट बी गेली. मंग तू काय करणार शनवारी?"

मी म्हणालो, मग तेरावा, नवीन काहीतरी. तुम्ही चहाचे ग्लास धुवायला बाहेर गेलात.

पुढच्या शनिवारी तुम्ही माझ्या हातात एक पाकीट दिलंत. चिकटवलेलं, तिकीट लावलेलं, वर त्या चित्रकाराचा पत्ता तुमच्या रजिस्टरच्या अक्षरात. म्हणालात, हिंगोलीच्या पोस्टात टाक, तिथून लवकर जातं. मला वाटलं, अंक लवकर पाठवा म्हणून लिहिलं असणार. मी हिंगोलीला उतरल्या उतरल्या स्टँडवरून सरळ पोस्टात गेलो आणि ते टाकलं. आत पडल्याचा आवाज ऐकला आणि मगच हललो.

त्यानंतर दर शनिवारी मी विचारायचो, आला का? आणि तुम्ही म्हणायचात, न्हाई अजून, पुढच्या शनवारी बघ. मी चिडायचो. त्या माणसाला शिव्या द्यायचो. तुम्ही मात्र शांत असायचात. आणि आपण बसून पुन्हा तेच भांडायचो, गेट की ओ. एका शनिवारी मी कागदावर दोन्हीच्या बाजूनं मुद्दे लिहून आणले होते, परीक्षेत लिहितात तसे. तुम्ही ते वाचलेत, घडी केलीत आणि रजिस्टरात ठेवलेत. "अजून दोन मुद्दे काढून आण," म्हणालात.

मग दुसऱ्या वर्षी मला झेरॉक्सच्या दुकानात शनिवार-रविवारचं काम मिळालं. मी महिन्यातून एकदा यायला लागलो. मग दोन महिन्यांतून. फोनवर तुम्ही कधी विचारलं नाहीत, का येत नाहीस म्हणून. अंकाचंच बोलायचात. "आला न्हाई बरं का अजून." मी म्हणायचो, मग आलो की बघू. या वर्षी दिवाळीनंतर मी एकदाही आलो नाही. हे लिहून ठेवतो. त्यावर माझ्याकडे काही म्हणणं नाही.

तुम्हाला हिंगोलीच्या दवाखान्यात आणलं तेव्हा काकूंचा फोन आला. माझ्या रूमपासून दवाखाना चालत दहा मिनिटांवर. मी आलो तेव्हा दुपार होती. तोंडावर मास्क, छाती भात्यासारखी वर-खाली. तुम्ही मला पाहिलंत आणि हात थोडा उचललात. काकू डबा आणायला खाली गेल्या. एवढे महिने आलो नाही, त्याबद्दल बोलायची हिंमत नव्हती. तुमची छाती बघवत नव्हती. आणि माझ्या तोंडून निघालं, "काका, बारावा आला."

तुम्ही डोळे एकदम मोठे केलेत. मला वाटलं आनंद झाला. आता आठवतो तेव्हा तो आनंद वाटत नाही. तुम्ही घाबरल्यासारखे दिसलात.

"कुठं आला?" मास्कच्या आतून तुम्ही विचारलंत.

मी म्हणालो, माझ्या रूमवर. मी पण वर्गणी भरली होती. आणायला विसरलो, उद्या आणतो.

मग म्हणालात, "सांग."

आणि मी सांगितलं, काका. काहीच ठरवलेलं नव्हतं. सुचेल तसं बोलत गेलो. तुम्हाला काय आवडेल तेवढंच डोक्यात होतं. मी म्हणालो, मुलगी पुढं आली, तिनं पाण्यात उडी मारली, चाकाला तिनंही हात लावला, आणि दोघांनी मिळून गेट खाडकन बंद केलं. गाव वाचलं. तिचं बळ लागलं म्हणून त्याचा श्वास खर्च झाला नाही.

"बुडबुडा?" तुम्ही एक बोट वर केलंत.

"उरला," मी म्हणालो.

तुम्ही माझ्याकडे बघत होता. "गेट खाडकन बंद केलं?"

"हो."

"एका झटक्यात?"

"हो काका. एका झटक्यात."

तुम्ही हसायला लागलात. मास्कमध्ये हसू अडकलं, मग खोकला आला, सिस्टर धावत आल्या आणि मला बाहेर जायला सांगितलं. मी दारापर्यंत गेलो तेव्हा तुम्ही म्हणालात, "मंग ठीक हाय." थांबून परत म्हणालात, "मंग ठीक हाय, कॉलेज."

दुसऱ्या दिवशी मी आलो तेव्हा तुम्ही डोळे उघडले नाहीत. तिसऱ्या दिवशी काकूंनी मला खांद्याला धरून बाहेरच्या बाकावर बसवलं.

मी ते 'मंग ठीक हाय' रोज उलटून पाहतो. रूमवर गेल्यावर मला गेटचं आठवलं होतं. खाडकन! जो माणूस सहा चौकटीत आटा-आटा फिरवतो, तो गेट खाडकन कसं पाडेल? तुम्हीच तर माझे हात धरून शिकवलं होतं. मग तुम्हाला खोटं कळलं का? कळलं असेल तर शेवटच्या माणसांतला एक तुम्हाला फसवतोय हे मनात घेऊन तुम्ही गेलात. आणि कळलं नसेल, तर तुमच्या तळाच्या माणसाचा मी केलेला खोटा, चुकीचा शेवट घेऊन गेलात. दोन्हीतलं काय बरं, मला ठरवता येत नाही. आणि पाकीट इथं आहे.

एवढं गुरुवारी लिहिलं होतं. पुढचं रविवारी रात्री लिहितो आहे.

सकाळच्या गाडीनं गावी आलो. चौकीवर अजून नवीन माणूस आलेला नाही. काकूंनी कुलूप काढलं. तुमची मुलगी नांदेडहून आली होती. टेबल तसंच, रजिस्टर तसंच. मी आधीच सांगून टाकलं, दवाखान्यात काय बोललो ते सगळं. म्हटलं, पाकीट उघडल्यावर कबूल करण्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं. मग काकू म्हणाल्या, "उघड तर आधी."

आत अंक नव्हता. एका कागदाचं पत्र होतं. काकू म्हणाल्या, मोठ्यानं वाच. मी वाचलं.

त्या चित्रकारानं लिहिलं होतं: रतनराव, नमस्कार. दोन वर्षं होत आली, तुमचं पत्र आलं होतं की बारावा अंक तयार असला तरी एवढ्यात छापू नका. तुम्ही लिहिलं होतं, माझ्या चौकीवर शनिवारी एक पोरगं येतं. शेवट काय होणार यावर माझ्याशी भांडायला येतं. शेवट कळला की त्याचं यायचं कारण संपेल. त्याचं कॉलेज होईपर्यंत थांबलात तर उपकार होतील. असं मला आजवर कुणी लिहिलं नव्हतं, म्हणून थांबलो.

मला पुढचं दिसेना. ते पत्र मीच पोस्टात टाकलं होतं, काका. आत पडल्याचा आवाज ऐकून मग हललो होतो. आणि दवाखान्यात मी 'आला' म्हणालो तेव्हा तुम्ही का दचकलात ते कळलं, आणि गेट खाडकन पडलं तेव्हा का हसलात तेही.

"थांबला का?" काकू म्हणाल्या. "वाच की पुढं."

पुढं एवढंच होतं: चित्रं पूर्ण आहेत. शेवटच्या पानावर बुडबुड्याची जागा मात्र मोकळी ठेवली आहे. आता छापायला घेऊ का, ते कळवा. पोरगं अजून येतं का?